मक्याच्या दिवसांतला कौल

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, निवडणुकीच्या मंगळवारी, आमच्या काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, आपलं राज्य सोडून नदीपलीकडच्या मोठ्या राज्यात सामील व्हावं असा कौल दिला. 'होय'ची मतं जास्त पडली, 'नाही'ची कमी. फेरमोजणीची मागणी कुणी केली नाही. कौल सल्ल्यापुरता होता. तो प्रत्यक्षात यायचा तर दोन्ही राज्यांची विधिमंडळं आणि वॉशिंग्टनमधली काँग्रेस, तिघांची मंजुरी लागते. ती मिळालेली नाही. राज्याची हद्द आजही नदीच्या मधोमध आहे.

काउंटीचं नाव इथे देत नाही. आमची मराठी घरं इथे सातच आहेत. काउंटी सांगितली की घर सांगितल्यासारखं होईल.

यंदा पुन्हा मका उभ्या उभ्या वाळला आहे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की गावाच्या कडेला धान्याच्या उंच कोठारांपाशी ड्रायर सुरू होतात, ते नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास थांबतात. एकसुरी, जाडसर आवाज. पहिल्या दिवशी तो ऐकू येतो, तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि एखाद्या दुपारी मध्येच बंद पडला तर दुकानातली माणसं बोलता बोलता थांबून वर बघतात. ओल्या दाण्याला गरम हवा लागली की येणारा वास भाजलेल्या कणसाचा नसतो. झाकून ठेवून विसरलेल्या कणकेचा असतो तसा, थोडा आंबूस, थोडा गोड. दाण्यावरचा लालसर पापुद्रा सुटून हवेत उडतो आणि गाडीच्या काचेवर, पायरीवर, बाहेर वाळत घातलेल्या टॉवेलवर बसतो. झटकला तर निघतो, ओला झाला तर चिकटतो.

त्या वर्षी तो पाट्यांवरही बसायचा. घरोघरी हिरवळीत तारेच्या पायांच्या पाट्या रोवलेल्या होत्या. 'होय'च्या निळ्या, 'नाही'च्या नारिंगी. वीस वर्षं एकमेकांचं गवत कापणाऱ्या शेजाऱ्यांच्या पाट्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या.

मारुती काकांच्या अंगणात पाटी नव्हती. तिथे फक्त रेडबडचं झाड होतं. रेडबड आपट्याच्या जवळच्या नात्यातलं, हे सात घरांपैकी कुणीतरी पूर्वीच शोधून काढलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्यांचं दसऱ्याचं सोनं त्याच झाडाचं. पान आपट्यासारखं जोडपान नसतं, बदामाच्या आकाराचं असतं. पण ऑक्टोबरात ते आपोआप पिवळं होतं. "गावाकडं हिरवं पान देऊन सोनं म्हणतो आपण. हे बघ, हे खरंच सोनं," असं काका दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी शैला काकू म्हणत, "पुरे आता. पोळ्या गार होताहेत."

काका निपाणीजवळच्या एका गावचे. शेतीची अवजारं बनवणाऱ्या इथल्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणीचं काम केलं. सुटा भाग हातात घ्यायचा, मापात आहे का बघायचा, शिक्का मारायचा. काकू नाशिकच्या. त्यांची मुलगी चित्रा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिचं मन चार-पाच वर्षांच्या मुलीइतकं आहे, अधूनमधून फिट येते, जिन्यावर हात धरावा लागतो. बोलणं दोन-तीन शब्दांचं. घरात ते मराठी असे. "बाबा, ताक." "आई, ऊठ ना." बाहेरच्यांशी ती बोलत नसे, नुसती बघून हसे. सकाळी व्हॅन येई आणि तिला डे सेंटरला घेऊन जाई. तिथे ती बियाण्यांची पाकिटं रंगांप्रमाणे खोक्यांत लावी. संध्याकाळी परत आली की ती ड्रायव्हरला हात हलवी, व्हॅन वळून दिसेनाशी होईपर्यंत.

काकांनी सत्तरी ओलांडली होती, काकू तिच्या उंबरठ्यावर होत्या. ह्या घराचा प्रश्न एकच होता आणि तिथे चहाला बसणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत होता. आपण गेल्यावर चित्राचं काय. मोठ्याने तो कुणी काढत नसे. चित्राचं नाव राज्याच्या एका यादीत नऊ वर्षं होतं. अशा घरांची यादी, जिथे सहाजण राहतात आणि त्यांच्याजवळ चोवीस तास माणूस असतो. आमच्या काउंटीत तसं घर नव्हतं. कौलाच्या आधीच्या वसंतात कळलं की ते होणार, आणि काकांच्या दारापासून गाडीने अकरा मिनिटांवर. चालवणारी संस्था खासगी, खर्च राज्याचा.

एप्रिलमध्ये जागा बघायला मीही गेले होते. गावाबाहेरच्या चर्चमागचं मोकळं रान. खुंट्या ठोकलेल्या, त्यांना गुलाबी फिती, आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी ताणून खोल्यांचे चौकोन पाडलेले. वारा जोरात होता आणि दोऱ्या थरथरत होत्या. संस्थेच्या बाई हातातला नकाशा फिरवून फिरवून कुठे काय येणार ते सांगत होत्या. चित्राने काकूंचा हात सोडला. दोरीवरून एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि एका चौकोनाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"माझी," ती म्हणाली.

"अगं, ते बाथरूम आहे," काकू म्हणाल्या.

"असू दे की," काका म्हणाले. "त्यांना सांगू प्लॅन बदला म्हणून."

काय झालं ते बाईंना इंग्रजीतून सांगितल्यावर त्याही हसल्या. मग त्यांनी चित्राला शेजारच्या चौकोनात नेलं. काकूंनी पर्समधून शिवणाची टेप काढली, खिडकी कुठे येणार ते विचारून घेतलं, आणि टेपचं एक टोक काकांच्या हातात देऊन हवेतच खिडकीचं माप घेतलं. मे महिन्यात पडदे शिवून झाले. पिवळे, त्यांवर पांढरे ठिपके.

त्याच उन्हाळ्यात सह्यांची टेबलं लागली. काउंटीने राज्य बदलावं का, हा प्रश्न मतपत्रिकेवर यायचा तर आधी ठरावीक मतदारांच्या सह्या लागतात. मोहीम काढणाऱ्यांत लॅरी होता. काकांचा कारखान्यातला जुना सोबती, अर्धा दिवस कारखाना आणि अर्धा दिवस स्वतःचं शेत असं आयुष्य काढलेला माणूस. राजधानी आमच्यापासून पाच तास पूर्वेला आहे. लॅरीचं म्हणणं साधं होतं. तिकडच्यांना आपण आहोत हे फक्त नदीला पूर आला की कळतं. पलीकडच्या राज्याची राजधानी जवळ आहे, ते ऐकतील. ऐकतीलच असं नाही. पण विचारून तरी बघू.

हे शेवटचं वाक्य काकांच्या मनात बसलं. लॅरीने ते सहज म्हटलं असणार.

पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बारा वर्षं काढली. इथे गावच्या साप्ताहिकात आठवड्याचे दोन दिवस जाते, जाहीर सूचना आणि मृत्युवार्ता लावते. सह्यांच्या टेबलाचा फोटो काढायला मी किराणा दुकानाबाहेर गेले, तेव्हा टेबलामागे काका बसलेले. डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, समोर क्लिपबोर्ड, शेजारी घडीच्या खुर्चीवर चित्रा. लोक पेन परत द्यायला विसरू नयेत म्हणून पेन तिने धरायचं, असं ठरलेलं होतं. ते काम ती फार काळजीने करत होती.

"काका, तुम्हाला पलीकडच्या राज्यात जायचंय?"

"मला कशाला जायचंय? मी नो म्हणणार."

"मग इथे उन्हात का बसलाय?"

"अगं, लोकांना विचारतायत की. विचारू नये?" त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मी सहा वर्षांचा होतो. एके दिवशी मास्तर आले, त्यांनी फळ्यावरचं राज्याचं नाव पुसलं आणि दुसरं लिहिलं. कालपर्यंत मुंबई राज्य, आजपासून म्हैसूर. घर हललं नाही, विहीर हलली नाही. कानडी लोकांशी भांडण नव्हतं बघ, शेजारी तेच होते. पण आमच्या बाला कुणी विचारलं नाही. तुला कुठं जायचंय रे, एवढं सुद्धा नाही. पुढं जमिनीचा उतारा कानडीत यायला लागला. तो वाचून घ्यायला बा नारळ घेऊन मास्तरांच्या घरी जायचा. मरेपर्यंत जायचा. आता इथं मला कुणीतरी म्हणतंय की विचारायचं आहे, टेबलावर बसतोस का? मी नाही म्हणू?"

एक बाई ट्रॉली ढकलत आली. काकांनी तिला नावाने हाक मारली, नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि कागद पुढे सरकवला. ती म्हणाली, तिला हे काही पटत नाही. "पटायचं काम नाही," काका इंग्रजीत म्हणाले. "आज सही कर. नोव्हेंबरात नो म्हण. मीसुद्धा नोच म्हणणार." तिने हसून सही केली. चित्राने पेन परत घेतलं.

काकांच्या टेबलावर बऱ्याच सह्या झाल्या. एकतीस वर्षं त्यांनी शिक्का मारला की माल चांगला, हे कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

दसऱ्याला सगळे काकांकडे जमले. पानं तोडून झाली, तरुणांनी वाकून नमस्कार केले. निखिल त्याच कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याने पान देता देता काकांना छेडलं.

"काका, पुढच्या दसऱ्याला हे झाड दुसऱ्या स्टेटमध्ये असणार म्हणे. मग सोनं इम्पोर्टेड की लोकल?"

"झाड जागेवरच असतंय. माणसंच इकडची तिकडं होतात."

"पण सीरियसली, तुम्ही उगाच एवढे दमताय यार. इट्स नॉन-बाइंडिंग. काही होत नाही त्याने. टाइमपास आहे नुसता."

"म्हणूनच," काका म्हणाले. "कुणाचं काही जात नाही, आणि विचारलं जातंय."

काकू पुरणपोळीवर तूप वाढत होत्या. निखिलच्या पानात मात्र त्यांनी जरा जास्त तूप वाढलं.

तेव्हा काकांच्या ह्या वाक्यात कुणालाच खोट दिसली नाही. मलाही नाही. बातमीत मी 'सल्ल्यापुरता' हा शब्द दोनदा वापरला होता आणि संपादकाने त्यातला एक काढला होता.

नदी आमच्या गावापासून वीस मिनिटांवर आहे. पुलाच्या पलीकडे इंडियन स्टोअर आहे, त्यामुळे कढीपत्ता, नाचणीचं पीठ, गोडा मसाला, सगळं आम्ही दुसऱ्या राज्यातून आणतो. पुलाच्या मध्यावर हद्दीची हिरवी पाटी आहे. तिथे रस्त्याचा रंग बदलतो, कारण अर्धा पूल एका राज्याने डांबरलेला आहे आणि अर्धा दुसऱ्याने. टायरचा आवाज क्षणभर बदलतो. चित्राला तो आवडायचा. काका पुलावर गाडी हळू करत आणि ती दोन्ही हात वर करे. खाली धान्याचे पडाव, लांब सपाट बोटी, एकामागे एक बांधून जात असतात, ह्या दिवसांत मक्याने आणि सोयाबीनने भरलेले. ते हद्दीच्या रेघेवरूनच दक्षिणेला जातात. त्यातला कुठला दाणा कुठल्या राज्याचा, हे पाण्यात उतरल्यावर सांगता येत नाही.

एक नोव्हेंबर त्या वर्षी मतदानाच्या आधीच्या आठवड्यात आला. सीमाभागातली मराठी माणसं तो काळा दिवस पाळतात. काका अमेरिकेतही पाळत. शर्टाच्या खिशावर बोटभर काळी फीत, दिवसभर गोड खायचं नाही, बस. कारखान्यात कुणी विचारलं कोण गेलं, तर ते सांगत, "माय व्हिलेज." काही जण सांत्वन करत. त्या वर्षी लॅरीने फीत बघून विचारलं आणि काकांनी त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, फळ्यापासून नारळापर्यंत. लॅरीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुला तर कळतंय." ते दोघे बराच वेळ गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. हे मी पाहिलं आहे. पुढे काय बोलले ते ऐकू आलं नाही.

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. काकांच्या घरात मत एकच होतं. काकूंनी भारतीय पासपोर्ट ठेवला होता. चित्रा इथेच जन्मलेली, पण तिचं नाव मतदारयादीत नव्हतं. काकांनी मत दिलं आणि 'मी मत दिलं' असं छापलेला गोल स्टिकर दोनदा मागून घेतला. एक स्वतःच्या कोटावर लावला, एक गाडीत बसलेल्या चित्राच्या. ती घरी जाईपर्यंत मान खाली घालून त्याच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटीच्या कार्यालयातून आकडे आणले आणि काकांना फोन केला.

"होय जिंकलं, काका."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"असू दे," ते म्हणाले. "विचारलं तरी."

पत्र थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी आलं. मी तेव्हा काकूंकडे तिळाची चटणी न्यायला गेले होते, म्हणून तिथे होते. पत्रात तीन परिच्छेद होते. पहिल्यात चित्राच्या कुटुंबाचे आभार. दुसऱ्यात असं, की अलीकडच्या मतदानानंतर काउंटीचं भवितव्य स्पष्ट होईपर्यंत तिथे राज्याच्या खर्चाने बांधकाम सुरू करणं संस्थेच्या संचालकांना योग्य वाटत नाही, आणि हे घर आता राजधानीच्या वाटेवरच्या एका गावी होईल. ते गाव आमच्यापासून तीन तासांवर. तिसऱ्यात, चित्राची जागा तिथे राखून ठेवता येईल, कुटुंबाने तीस दिवसांत कळवावं, अन्यथा नाव यादीच्या शेवटी जाईल.

काकूंनी पत्र वाचलं आणि टेबलावरून काकांपुढे सरकवलं.

"वाचा. तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं."

काकांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"हे चूक आहे," ते म्हणाले. "कौल नॉन-बाइंडिंग आहे. काहीच बदलत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे."

"ह्यांना नाही ना ठाऊक."

"मी फोन करतो. समजावून सांगतो त्यांना."

"काय सांगणार? की सह्या मी गोळा केल्या, पण मत उलटं दिलं?"

मी उठायला लागले, तर काकूंनी हातानेच बस म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"गावाला कुणी विचारलं नाही, गावाला कुणी विचारलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. मला वाईट वाटायचं हो खरंच. एक तारखेला मी पण गोड केलं नाही कधी. पण ते टेबल लावायला निघालात, तेव्हा मला विचारलंत? शैला, जाऊ का, एवढं? पोरीला शेजारी बसवून घेतलंत. तिच्या हातात पेन दिलंत."

आतल्या खोलीत चित्रा टीव्हीवरची कार्टून बघत होती. तिला आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं असावं, कारण ती दारात आली आणि म्हणाली, "बाबा, ताक."

काका उठले. फ्रिजमधून ताक काढलं, त्यात मीठ घातलं, ढवळलं, आणि पेला तिच्या हातात देऊन ती पिऊन होईपर्यंत खाली हात धरून उभे राहिले.

संस्थेला नंतर मीही फोन केला, साप्ताहिकासाठी. निर्णयामागे अनेक घटक होते, असं त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं. बाकीचे घटक कोणते हे त्याने सांगितलं नाही. मतदान झालं नसतं तर घर इथेच झालं असतं, असं मी खात्रीने लिहू शकत नाही. तेव्हाही लिहिलं नव्हतं. सात ओळींची बातमी झाली, चौथ्या पानावर. लॅरीने ती वाचून काकांच्या दारात एक टर्की आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली. काकू टर्की खात नाहीत, काकाही नाहीत. चिठ्ठीत काय होतं ते काकांनी कुणाला दाखवलं नाही. लॅरी आणि ते पुन्हा बोलले का, हे मला माहीत नाही.

काकांनी तीस दिवसांपैकी अठ्ठावीस दिवस नाही म्हटलं. आम्ही बघू तिला, असं ते म्हणत. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये चित्राला फिट आली. तिला सावरताना काकू तिच्याखाली पडल्या. मनगट मोडलं. त्या दुपारी दवाखान्यातूनच काकांनी फोन करून होकार कळवला. काकूंच्या हाताला प्लास्टर असल्यामुळे अर्ज काकांनी भरला, सहीही काकांनी केली.

नवं घर उभं राहायला मार्च उजाडला. मधल्या महिन्यांत काकूंनी चित्राला तीन तास काय असतात ते शिकवायचा प्रयत्न केला. मक्याच्या मोकळ्या रानांमधून एक तास, मग पवनचक्क्या, मग उरलेलं. चित्राने तो रस्ता दोनदा बघितला. दोन्ही वेळा घरी परत आल्यामुळे तिला तो आवडला.

सोडायला गेलो तेव्हा ती आनंदात होती. खोलीत आपलं अंथरूण बघून तिने टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी काका-काकू भेटायला गेले आणि तो दिवस वाईट गेला. निघताना ती काकांच्या आधी जाऊन गाडीत बसली. मागच्या सीटवर, नेहमीच्या जागी, पट्टा लावून. बाबा आले म्हणजे घरी जायचं, एवढं तिचं गणित. तिला उतरवायला चाळीस मिनिटं लागली आणि दोन माणसं. काचेवर हात मारत ती मराठीतच ओरडत होती, "बाबा, चल. बाबा, चल ना." तिथल्या बायकांना ते शब्द कळत नव्हते. त्या प्रेमाने "ओके, हनी, ओके" म्हणत होत्या.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. मग तिथल्या प्रमुख बाईंनी सुचवलं की काही दिवस वडिलांनी आत येऊ नये, तिला रुळू द्यावं. काही दिवस म्हणजे किती, हे त्या म्हणाल्या नाहीत आणि काकांनी विचारलं नाही. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी काका तीन तास गाडी चालवत, त्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे एका दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबत, आणि काकू पुढे चालत जात. दोन तासांनी परत येत. "जेवली?" काका विचारत. "जेवली," काकू सांगत. हे अडीच वर्षं चाललं.

चित्रा गेली त्या वर्षी एक नोव्हेंबरला काकांच्या शर्टावर फीत नव्हती. मी विचारलं नाही.

चर्चमागच्या जागेवर खुंट्या वर्षभर तशाच होत्या. दोऱ्या पावसाने आणि बर्फाने काळ्या पडल्या, मग तुटल्या. दुसऱ्या वर्षी चर्चने जमीन शेजारच्या शेतकऱ्याला कसायला दिली. मागच्या वर्षी तिथे सोयाबीन होतं, यंदा मका. मागच्या आठवड्यात मी तिथून गेले तेव्हा कापणीचं कंबाइन फिरत होतं. सहा ओळी एका वेळी आत घेऊन ते पुढे सरकत होतं आणि मागे खुंटं आणि पाचट टाकत होतं. कुठल्या ओळीपाशी कुठली खोली होती, हे मला ठरवता आलं नाही. मी गाडी थांबवून थोडा प्रयत्न केला.

ह्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गाडी मी चालवली, कारण काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे. मोकळी रानं, पवनचक्क्या, मग उरलेलं. काकूंच्या मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा होता. काका पुढे बसले होते, काळा चष्मा लावून. तासभर गेला. मग काकू मागून म्हणाल्या, "त्या बाईंचा फोन आला होता. म्हणतात, आता तुम्ही आत आलात तरी चालेल."

"कधी आला?"

"गुरुवारी."

"मग आज सांगतेस?"

"आधीच सांगितलं असतं तर तुम्ही झोपला नसतात."

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्म्याखालून डोळा टिपला आणि म्हणाले, "औषध घातलंय, पाणी येतं."

घर एकमजली आहे. दारात मक्याची दोन वाळकी धाटं आणि एक भोपळा, इथल्या रिवाजाप्रमाणे. चित्राचे केस कापलेले होते. ती बारीक झाली आहे आणि ताठ बसते. काका आत आले तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं, हसली, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. ते बसले. दोघांनी मिळून रंगीत ठोकळ्यांचा एक खेळ लावला, मोडला, पुन्हा लावला. काका मराठीत बोलत होते. ती ऐकत होती. काकूंनी दिलेल्या शंकरपाळ्यांतली तीन तिने खाल्ली आणि बोटं नॅपकिनला पुसली. दोन तासांत काकांनी दाराकडे तीन-चारदा बघितलं. निघायची वेळ झाली तसे त्यांनी माझ्याकडून गाडीची किल्ली मागितली, मग परत दिली. प्रमुख बाई जवळच उभ्या होत्या, आणखी एका मदतनिसाला त्यांनी बोलावून ठेवलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही उठलो. चित्राही उठली आणि दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत थांबली. तिने उजवा हात पुढे केला, तो काकांनी दोन्ही हातांत घेतला.

"थँक यू फॉर कमिंग," चित्रा म्हणाली.